जांभळीखालच्या पट्ट्या

१

पहिली पट्टी मातीतून शाबूत निघाली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरी निघाली तेव्हा गहिनीनाथरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. शेवटची निघाली तेव्हा निकितानं मान फिरवली, आणि हातातला पेढ्यांचा पुडा आता कुठे लपवावा ते सुमेधाताईंना कळेना.

पेढे आणण्याची घाई केली हे त्यांचं चुकलंच. पण भाच्याचा फोन आला होता, "मावशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हारला ये, आमचा निकाल आहे." सावेडीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात ताईंचं सगळं आयुष्य गेलेलं. निकाल म्हटला की त्यांची स्कूटर आपोआप मिठाईच्या दुकानापुढे थांबायची, रिटायर झाल्या तरी ही खोड गेली नव्हती.

भाचा म्हणजे अनिमेष, धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअर. निकिता त्याची भागीदार. गोरक्ष आणि छबूबाई या कोल्हारच्या शेतकरी जोडप्याची ही एकुलती एक लेक रसायनशास्त्र शिकली, पुण्यात चांगल्या नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून घरी आली. बापाच्या रिकाम्या कांदाचाळीत दोघांनी छोटा कारखाना थाटला. गुऱ्हाळावर रस काढून उरलेलं उसाचं चिपाड आणायचं, शिजवायचं, धुवायचं, त्याचा लगदा विरघळवून काचेवर आंब्याच्या पोळीसारखा पातळ पसरायचा. वाळला की पारदर्शक कागद निघायचा, प्लास्टिकसारखा चिवट. फरक एवढाच की प्लास्टिक मातीत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतं आणि हा कागद पावसाळी मातीत महिन्याभरात कुजून जातो. निदान जायला हवा होता.

गहिनीनाथराव इकडच्या डाळिंब बागायतदारांच्या गटाचे प्रमुख. त्यांनी साधी अट घातली होती. आखाड सरता सरता गोरक्षच्या बांधावर, जांभळीखाली, सगळ्यांसमोर कागदाच्या पट्ट्या पुरायच्या आणि पोळा झाला की सगळ्यांसमोरच उकरायच्या. कुजल्या तर यंदाची डाळिंबं याच कागदात जातील. सापडाव्यात म्हणून प्रत्येक पट्टी नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घातली होती आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं होतं.

"पोरी, तुझ्या कष्टाला मी नावं ठेवत नाही," गहिनीनाथराव म्हणाले. "पण यावर आमच्या गटाचं नाव लागणार. रविवारी बैठकीत जे पाहिलं तेच सांगावं लागंल."

निकितानं मान हलवली. पुण्याच्या जुन्या कंपनीनं तिला परत बोलावलं होतं, ती सोमवारी जाईल म्हणाली. स्वर अगदी शांत होता, आणि सुमेधाताईंना तोच सहन झाला नाही. वर्गात रडणारी मुलं सावरता येतात, अशी शांत बसणारी सावरता येत नाहीत.

माणसं पांगली. मग निकिता अनिमेषकडे वळली.

"पिशव्या तू भरल्या होत्यास," ती म्हणाली. "पट्ट्या तू बदलल्यास का?"

२

अनिमेषचं तोंड एवढंसं झालं. आरोप अगदीच हवेतला नव्हता. कारखाना पुण्याला हलवू या, असा धोशा त्यानं उन्हाळ्यापासून लावला होता. इथली वीज, इथले रस्ते, एकेका सुट्या भागासाठी नगरला मारायला लागणारे हेलपाटे. गावात हसं झालं असतं तर निकिता आपसूक पुण्याला आली असती. आणि तिनं पुण्याला यावं असं त्याला वाटण्यामागे विजेशिवाय दुसरंही एक कारण होतं, ते मावशीला कधीच कळलं होतं. निकिताला कळलं नव्हतं, कारण त्या मुलीला चिपाडापलीकडे काही दिसतच नव्हतं.

तो विहिरीच्या बाजूला निघून गेला.

सुमेधाताईंनी पट्ट्या, पिशव्या, सुतळ्या असं सगळं पदरात गोळा केलं आणि निकिताला घेऊन सरळ छबूबाईंच्या स्वयंपाकघरात गेल्या. पेपर तपासताना उत्तर चुकलेलं दिसलं की त्या कधी नुसती फुली मारत नसत. कुठल्या पायरीपर्यंत बरोबर होतं ते शोधत. घरच्यांना याचा फार कंटाळा यायचा, पण सवय ती सवय.

त्यांनी गॅस पेटवला आणि एक पट्टी चिमट्यात धरून ज्योतीवर नेली. साधं प्लास्टिक असतं तर वितळून ठिबकलं असतं, विझलेल्या मेणबत्तीसारखा वास सुटला असता. ही पट्टी वर्तमानपत्रासारखी भर्रकन जळली आणि ओट्यावर चिमूटभर राख पडली. दुसरीही तशीच जळली.

"तुझ्याच आहेत," ताई म्हणाल्या. "बदललेल्या नाहीत. अनिमेषची माफी मागून टाक, मुलगा मनाला लावून घेतो."

निकिताला बरं वाटायला हवं होतं, पण तिचे डोळे भरून आले. पट्ट्या खऱ्या म्हणजे खोट तिच्या कागदातच होती. दोन वर्षं आपण स्वतःला फसवत होतो, असं काहीतरी ती पुटपुटली. छबूबाई चुलीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. लेकीला जवळ घ्यावं की तिच्यापुढे चहा ठेवावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी चहा ठेवला.

ताईंचं लक्ष सुतळीकडे गेलं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून ताणली. तुटेना. हिसका दिला तरी तुटेना.

"छबूबाई, श्रावणभर पाऊस झाला ना इकडं?"

"झाला की. बांधावर चिखुलच हुता."

"तागाची सुतळी महिनाभर अशा चिखलात पडली तर काय होतं?"

"काय व्हतंय, कुजतीय. हात लावला की तुटतीय."

ताईंनी सुतळी निकितापुढे धरली. "ही बघ. दुकानातून आजच आणल्यासारखी आहे. तुझा कागद कच्चा असेल एक वेळ, पण सुतळी तर तू बनवली नाहीस." त्यांचा आवाज आता वर्गातला झाला होता. "पट्ट्या नापास झालेल्या नाहीत, निकिता. त्या परीक्षेला बसल्याच नव्हत्या."

३

म्हणजे कुणीतरी पट्ट्या मातीतून काढून ठेवल्या होत्या आणि उकरायच्या आधी जागच्या जागी परत नेऊन पुरल्या होत्या. कुणी, आणि कशासाठी?

उरलेल्या पट्ट्या ताईंनी खिडकीशी नेऊन पाहिल्या. कडा जराशा विरलेल्या होत्या, बारीक दातांनी कुरतडल्यासारख्या. कुजायला सुरुवात झाली होती आणि मध्येच थांबली होती. जाळीच्या भोकांत काळ्या मातीबरोबर मऊ, करडी, राखेसारखी भुकटी अडकलेली होती. एका पिशवीत सुकलेल्या पानाचा चुरा निघाला. ताईंनी तो जिभेच्या टोकाला लावला आणि तोंड वाकडं केलं. कडूजहर.

"आई, कडुनिंब कुठाय आपल्याकडं?" निकितानं विचारलं.

"आंगनात. बांधाला न्हाई. बांधाला नुसती जांभळ."

मग छबूबाईंना काहीतरी आठवलं. जांभळीच्या पलीकडे वारूळ आहे, नागपंचमीला आळीतल्या बायका तिथंच पुजायला जातात. यंदा गेल्या तर जांभळीखालची माती भुसभुशीत दिसली, ताजी उकरल्यासारखी. "मी तवाच म्हनलं, पंचमीच्या तोंडावर कुनी भुई उकरली? त्या दिवशी आमी चुलीवर तवासुदिक ठेवत न्हाई, विळीला हात लावत न्हाई, आन भुईला कुदळ लावायची?"

"पंचमीच्याच दिवशी उकरली असेल?"

"न्हाई न्हाई. वरून पावसाची सर पडून गेल्याली दिसत हुती. आदल्या दिसाची आसंल, न्हायतर त्याच्या आदी."

पट्ट्या पुरल्यापासून पंचमीपर्यंत अनिमेष पुण्यात होता, यंत्राचा भाग आणायला. रोज संध्याकाळी मावशीला फोन करून हॉटेलातल्या जेवणाला नावं ठेवत होता. तेव्हा तो सुटला. मात्र ज्यानं उकरलं त्यानं पंचमीच्या आत उरकून घेतलं होतं, हे ताईंनी मनात नोंदवून ठेवलं.

निकितानं चहा अर्धा संपवला. मग तिनं वडिलांबद्दलचं ते सांगितलं, कुणाला सांगायचं नसलेलं.

"मावशी, शेवटची पट्टी निघाली तेव्हा मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा हसत होते."

ताईंनी कप खाली ठेवला.

"अगदी तोंडभरून. मग उठले आणि बैलांकडं गेले." निकितानं कप बाजूला सारला. "मी नोकरी सोडली तेव्हापासून आण्णा माझ्याशी धड बोलत नाहीत. जे असेल ते आईमार्फत. कांदाचाळ दिली, पण तोंडानं हो म्हणाले नाहीत. मला वाटायचं, राग आहे, जाईल. पण माझं नाक कापलं गेलं आणि त्यांना आनंद झाला, हे मला खरंच नव्हतं माहीत."

छबूबाई चटकन म्हणाल्या की तसं काही नाही, तो माणूस तसा नाही. पण त्या हसण्याचा अर्थ त्यांनाही लावता आला नाही.

४

दुसऱ्या दिवशी गावात विचारलं तर प्रत्येक जण एकाच नावाकडे बोट दाखवत होता. रामहरीशेठ. नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या स्टँडजवळ त्यांचं दुकान. कॅरीबॅग, पत्रावळ्या, द्रोण, डाळिंबाच्या पेटीत घालायच्या प्लास्टिकच्या शीट. निकिताचा कागद चालला तर पहिला फटका त्यांनाच बसणार, हे सांगायला कुणी जाणकार नको होता.

रामहरीशेठ मात्र ताईंना पाहून गल्ल्यावरून उठून उभे राहिले. त्यांचा पुतण्या सावेडीला ताईंच्या हाताखाली शिकला होता आणि विज्ञानात जेमतेम पास झाला होता. त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला, बिनसाखरेचा चहा मागवला आणि वर म्हणाले की पुतण्याला तुमी ढकललं म्हणून तरला.

ताईंनी आडवळण न घेता विचारलं. शेठ हसले.

"बाई, मी कशाला पोरीच्या वाटंत येऊ? मी तर तिला एजन्सी मागितलीय, इचारा तिला. सरकार आज न उद्या प्लास्टिक बंद करनार. मला काय, हे न्हाई तर ते इकायचं. गिऱ्हाईक कुठं जातंय?"

एजन्सीची गोष्ट ताईंनी तिथूनच फोन करून विचारली. खरी निघाली. शेठचा पुढचा चहा जरा जास्त गोड लागला, बिनसाखरेचा असून.

"मग तुमच्याबद्दल एवढं का बोलतात सगळे?"

"माझ्या तोंडामुळं," शेठ म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर ओशाळली. आखाडातच कधीतरी गोरक्ष दुकानात चहाला बसला होता, आणखी चारदोन जण होते. थट्टेची लहर आली. शेठ म्हणाले, गोरक्षा, तुझ्या पोरीचा कागद म्हनं पावसात विरघळतो. टमाटं बांधून द्यावं तर घरी पोचूस्तवर पिशवी गायब, टमाटी रस्त्यावर. सगळे हसले.

"गोरक्षभाऊ?"

"त्यो हसला न्हाई. चहा तसाच ठिवला आन उठून गेला. मला वाईट वाटलं, बाई. म्हनलं गोरक्ष रागावला. तरी परवा पोळ्याला मी परत चिडवलंच त्याला. त्याची खिल्लारी जोडी दर साली येशीत पहिल्यांदा येती. यंदा सगळ्यांच्या मागून आली, आन शिंगांचा रंगसुदिक वला. म्हनलं, काय रं, बैलं सजवायची सोडून कुठं गेल्ता सकाळच्या पारी?"

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. हसला नुसता. लई दिसांनी हसताना बगितला त्याला."

ताई स्कूटरकडे आल्या. किल्ली हातात धरून त्या तिथंच उभ्या राहिल्या. ट्रकमागून ट्रक जात होते, अंगावर धूळ उडत होती. गोरक्षभाऊ चहा टाकून उठले होते. पोळ्याच्या सकाळी बैलांआधी दुसरंच काही करत होते. आणि पट्ट्या शाबूत निघाल्या तेव्हा तोंडभरून हसले होते. यातलं प्रत्येक पाऊल बापाकडेच जात होतं, आणि निकिताला जी भीती होती तीच खरी निघत होती.

तरी त्यांना एका गोष्टीचं उत्तर मिळत नव्हतं. लेकीचं वाटोळं करायचं असेल तर पट्ट्या काढून कुठंही फेकता आल्या असत्या. त्यांना कडुनिंबाचा पाला कशाला घालायचा?

५

"छबूबाई, तुमच्या घरात राख कशाकशाला लागते?"

सुमेधाताई परत आल्या आणि पायरीवरूनच हे विचारलं. छबूबाईंना वाटलं, उन्हानं बाईंना काहीतरी झालं. तरी त्यांनी सांगितलं. भांड्याला आता राख कोण लावतं. पण बियाण्याला लागते. घेवडा, तूर, भोपळा, वाल, घरचं बी सगळं मडक्यात ठेवायचं, राख आणि कडुनिंबाचा सुका पाला घालून. तोंड शेणामातीनं लिंपायचं. कीड लागत नाही, ओल धरत नाही, दोन-दोन सालं बी जसंच्या तसं राहतं. आणि हे काम त्यांचं नव्हे. "बियान्याला त्ये मला हात लावू देत न्हाईत. पोरीला जपावं तसं जपत्यात."

हे बोलून छबूबाई स्वतःच थांबल्या.

दोघी मागच्या खोलीत गेल्या. भिंतीशी मडकी ओळीनं मांडली होती. सगळ्यांची लिंपणं जुनी, तडकलेली, धुळकट. एकाच मडक्याचं लिंपण नवं होतं. बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसत होते, मोठ्या, रुंद बोटांचे. छबूबाईंनी लिंपण फोडलं. आत घेवड्याच्या बिया होत्या आणि करड्या राखेत एक लांबट, चपटी जागा दबलेली होती. तिथं बराच काळ काहीतरी नीट झोपवून ठेवलेलं असावं.

सुमेधाताईंना एकदम सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना खाली बसावं लागलं. पेपर तपासताना असं कधी झालं नव्हतं.

गोरक्षभाऊ विहिरीच्या काठावर बसले होते. छबूबाई म्हणत होत्या की काल संध्याकाळपासून त्यांनी जेवणात लक्ष घातलेलं नाही. टोपी मांडीवर, नजर पाण्यात. ताई थोडं अंतर ठेवून बसल्या. काय विचारायचं ते विचारलंच नाही. नुसतं म्हणाल्या, "घेवड्याचं मडकं पाहिलं मी."

मोटेचं पाणी पडायचं ते जुनं दगडी थारोळं होतं तिथं, त्यात चिमण्या अंघोळ करत होत्या.

"रामहरी म्हनला, पोरीचा कागद विरघळतो," गोरक्षभाऊ म्हणाले. "मला झोप लागंना. पंचमीच्या आदी एक उकरून बगितली. कडा खाल्ल्यावानी दिसल्या. म्हनलं, झालं. पोरीनं नोकरी सोडली, दोन वरीस राबली, आन समद्या गावाफुडं तिचा माल सडका निघनार. बाप जित्ता आसताना." त्यांनी टोपी हातात फिरवली. "मला दुसरं काय येतंय, बाई? बी ठिवता येतंय. मी बी जसं ठिवतो तसं ठिवलं. पोळ्याच्या सकाळी परत पुरलं. समद्या साबूत निघाल्या तवा मला वाटलं, पोरगी पास झाली. मी घरी जाऊन बैलांला गूळ चारला."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मग कधी कळलं?"

"सांच्याला. पारावर. नापास झाली म्हनले. मी म्हनलं, का? समदी माझ्याकडं बगाया लागली. सडाया पायजे हुतं म्हनं." त्यांनी टोपी परत मांडीवर ठेवली. "उमरभर जे सडलं ते मी टाकून दिलं, बाई. सडलं तर चांगलं, हे मला कुनी सांगितलं न्हाई."

"निकिताला विचारायचं होतं."

"इचारायचं हुतं. पर आमचं बोलनंच कुठं हाय? तिच्या खोलीच्या दारापातूर दोनदा गेलो. आन माघारी आलो."

ताई म्हणाल्या की हे त्या कुणालाही सांगणार नाहीत. अगदी गहिनीनाथरावांनाही नाही. सोमवारी मुलगी जाणार आहे, आणि ती कागद खोटा निघाला म्हणून नव्हे, बाप हसला म्हणून जाणार आहे. तेव्हा सांगायचं तर ते त्यांनीच सांगायचं.

गोरक्षभाऊंनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठून बैलांकडे गेले.

६

रविवारी बैठक जांभळीखालीच भरली. सुमेधाताईंनी तसा हट्टच धरला. गटातले बागायतदार आले, रामहरीशेठ आले, अनिमेष लांब बांधावर उभा राहिला. निकिता आईजवळ बसली होती, तिची बॅग घरात भरून तयार होती.

ताईंनी सुतळी गहिनीनाथरावांच्या हातात दिली आणि तोडायला सांगितली. त्यांना ती तुटली नाही. मग विरलेल्या कडा दाखवल्या, जाळीतली राख दाखवली, महिनाभर मातीत असता तर कुजून गेला असता असा कडुनिंबाचा सुका चुरा दाखवला. पंचमीच्या आधी उकरलेल्या जमिनीची गोष्ट छबूबाईंनी सांगितली. या पट्ट्या जमिनीत आठवडाभर होत्या, ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यातच कुजायला लागल्या होत्या. बाकीचे सगळे दिवस त्या दुसरीकडे होत्या, कोरड्या आणि सुरक्षित.

"पटलं," गहिनीनाथराव म्हणाले. "पण काढल्या कुणी? त्यो माणूस समोर आल्याबिगर मी गटाला काय सांगू?"

सगळ्यांच्या माना रामहरीशेठकडे वळल्या. सुमेधाताई गप्प राहिल्या. आयुष्यात उत्तर माहीत असून त्या इतका वेळ कधी गप्प बसल्या नव्हत्या, आणि ते त्यांना फार जड गेलं.

गोरक्षभाऊ उठले. टोपी काढली. गहिनीनाथरावांकडे त्यांनी पाहिलंच नाही, ते लेकीसमोर जाऊन उभे राहिले.

"निके, मी काढल्या."

निकिताचा चेहरा पांढरा पडला. तिनं उठायचा प्रयत्न केला, पण छबूबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"आदी ऐक. मला वाटलं, सडल्या तर तू हरशील. म्हनून बियान्यात ठिवल्या. त्या दिशी मी हसलो ते तू पास झालीस म्हनून हसलो. मला ठावंच न्हवतं गं."

रामहरीशेठनी खाली पाहिलं. निकिता बापाकडे पाहत राहिली, आणि ताईंना तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडताना दिसली. दारापर्यंत येऊन परत गेलेली पावलं तिनं ऐकली असणार, आणि त्यांचा वेगळाच अर्थ लावला असणार.

"बियाण्यात?" तिनं विचारलं. "घेवड्याच्या?"

"व्हय. त्येच्यात राख जास्त हाय."

ती हसली की रडली ते नीट कळलं नाही, बहुतेक दोन्ही एकदम झालं. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आण्णा, मी राहुरीला जाऊन भाषणं दिली, सगळ्या तालुक्याला समजावून सांगितलं. तुम्हाला एकदासुद्धा सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाही."

"आता सांग की," गोरक्षभाऊ म्हणाले.

आणि तिनं सांगितलं, तिथंच, सगळ्यांसमोर. शेणखत उकिरड्यात कसं कुजतं आणि मगच रानाच्या कामाला कसं येतं, तसाच हा कागद. माती त्याला खाते, म्हणून तर तो चांगला. प्लास्टिक मातीला खाता येत नाही. गोरक्षभाऊ मान हलवत राहिले. उकिरड्याचं त्यांना लगेच समजलं. ते म्हणाले, मग आदीच आसं म्हनायचं हुतं.

गहिनीनाथरावांनी घसा साफ केला. डाळिंबाच्या तोडणीला दसऱ्यापर्यंत अवकाश होता. पट्ट्या पुन्हा पुराव्यात, याच जागी, आणि दसऱ्याला उघडाव्यात असं त्यांनी ठरवलं. लक्ष कुणी ठेवायचं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले की गोरक्षशिवाय दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नाही. यावर रामहरीशेठ सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि मग गोरक्षभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून हळूच काहीतरी बोलले. काय बोलले ते ताईंना ऐकू आलं नाही, पण गोरक्षभाऊंनी तो हात झटकला नाही.

खड्डा त्यांनीच खणला. मातीत दोन घमेली शेणखत स्वतःहून मिसळलं, लेकीनं नको नको म्हटलं तरी. निकिता उठून बांधावर अनिमेषकडे गेली आणि बराच वेळ त्याच्याशी बोलली. पुण्याची बॅग छबूबाईंनी कुणाला न विचारता रिकामी केली.

दसऱ्याला सुमेधाताई पुन्हा पुडा घेऊन आल्या, यावेळी न लपवता. पहिली पिशवी गोरक्षभाऊंनीच वर काढली. सुतळी हात लावताच तुटली. त्यांनी पिशवी उलटी केली, झटकली, आत बोट घालून पाहिलं. ओली माती पडली, हरळीच्या दोन मुळ्या पडल्या. कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

"काय न्हाई," ते गहिनीनाथरावांना म्हणाले. मग प्रत्येक पिशवी उघडून प्रत्येकाला ते तेच सांगत गेले. आवाज इतका अभिमानाचा की जणू पोरगी जिल्ह्यात पहिली आली होती. "काय बी न्हाई राहिलं. बगा, हात घालून बगा."

निकितानं पुडा उघडला आणि पहिला पेढा त्यांच्यापुढे धरला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो मागे घेतला आणि डोळे बारीक केले.

"आण्णा, खरं सांगा. मधे उकरून बघितलं नाही ना?"

गोरक्षभाऊंनी जांभळीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग सुमेधाताईंकडे पाहिलं. तिकडूनही काही मदत मिळाली नाही.

"एकदाच," ते म्हणाले. "पर हात न्हाई लावला. नुसतं बगितलं, आन परत झाकलं."

तिनं पेढा त्यांच्या तोंडात घातला.